भैय्याजींची चौकट

बापूजींनी मला बोलावलं ते शिवण तपासायला. मी शाळेत मुलींना शिवण शिकवते, पण ही शिवण कापडावरची नव्हती.

माझे वडील भैय्याजी जाऊन वर्ष झालं होतं, तरी महाल भागातल्या नाणी जमवणाऱ्या मंडळींचा सगळा व्यवहार अजून त्यांच्याच नावावर चालू होता. नाणं खरं की खोटं ते भैय्याजींनी ठरवायचं. खरं ठरलं की ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बंद व्हायचं, पुठ्ठे कडेनं शिवले जायचे, शिवणीवर कागदाची पट्टी चिकटायची, पट्टीवर भैय्याजींची सही आणि कोपऱ्यांवर लाख. याला सगळे ‘भैय्याजींची चौकट’ म्हणत. चौकटीतलं नाणं पुन्हा कुणी तपासत नसे. तपासणं म्हणजे भैय्याजींवर संशय घेणं, आणि तेवढी छाती कुणाची नव्हती.

सही तेवढी त्यांची. बाकी सगळी चौकट माझी. पुठ्ठ्यातल्या गोल खिडकीसाठी एक्स-रेच्या जुन्या फिल्मा सोड्याच्या गरम पाण्यात घासून काचेसारख्या स्वच्छ करायच्या मी. चिंचोक्याची खळ शिजवायची मी, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं मी, आणि शिवायचंही मीच. मी डावखुरी आहे. माझे टाके उलट्या बाजूला कलतात म्हणून आई जन्मभर कुरकुरली.

बापूजींकडे पोचले तर बाहेरच्या बाकावर देवराव बसलेले. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर, दर रविवारी सायकलनं आमच्याकडे येऊन वडिलांच्या पायाशी बसून नाणी शिकणारा माणूस. ओव्हरटाइम करकरून साठवलेल्या पैशांत त्यांनी वडिलांकडून एक मोहर घेतली होती, चौकटीसकट. आता मुलीला, लतिकाला, मेडिकलला प्रवेश मिळाला म्हणून ती विकायला ते बापूजींकडे आले होते. आत चार खुर्च्या रिकाम्या होत्या. देवराव बाहेर का, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. छप्पन साली बापाचा हात धरून दीक्षा घेतलेल्या माणसाला बापूजींच्या बैठकीत नाणी दाखवता येत होती, बसता येत नव्हतं.

बापूजी मंडळाचे अध्यक्ष, कपाळाला गंध, बोलण्यात साखर. त्यांनी चौकट माझ्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. आतली मोहर खोटी आहे, पितळेवर मुलामा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. भैय्याजी खोटं नाणं बंद करणं शक्यच नाही, तेव्हा याच माणसानं चौकट उघडली, खरी मोहर लंपास केली आणि ही आत सरकवली. मी फक्त चौकट उघडलेली आहे एवढं म्हणायचं, म्हणजे ते पोलिसांत जायला मोकळे. पोलिसांत नाव गेलं की देवराव नोकरीतून सस्पेंड, हेही त्यांनीच सांगितलं, तेही इतक्या समाधानानं की जणू जेवणानंतर सुपारी कातरत बसलेत.

“मी नाही उघडली जी,” देवराव बाहेरून म्हणाले. बापूजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी चौकट खिडकीशी नेली. खरं सांगते, ती उघडलेली निघावी असंच मला वाटत होतं. बाकावर बसलेला माणूस चोर निघाला तर माझा बाप शाबूत राहत होता. असं वाटलं त्याची मलाच किळस आली, तरी वाटायचं थांबेना.

पुठ्ठ्यांची शिवण कुणीही उसवू शकतो. पण पुन्हा शिवताना सुई त्याच भोकांतून घालावी लागते आणि भोकं फाकतात. नवी भोकं पाडली तर जुनी उघडी पडतात. मी भिंगातून एकेक भोक पाहिलं. सगळी घट्ट. पट्टीच्या कडेला खळ निळसर, म्हणजे मोरचूद घातलेली, माझीच. लाख अखंड. सहीची रेघ पट्टीवरून पुठ्ठ्यावर सरळ उतरलेली. आणि प्रत्येक टाका उलटा कललेला.

मग मला ती चौकट आठवली. वडिलांनी एरवी नाणं माझ्या हातात दिल्याशिवाय कधी शिवायला लावलं नव्हतं. ही मात्र त्यांनी मोहर आत घालून, खिडकीवर दोन्ही बाजूंनी कागद लावून दिली, फिल्मवर चरे पडतात म्हणाले, लवकर आटप म्हणाले. संध्याकाळी माझ्यासाठी गरम सांबारवडी आणली, कोथिंबीर भरून तळलेली. मी चार खाल्ल्या होत्या. त्या खिडकीशी उभ्या उभ्या त्या तेलाची चव तोंडात आली.

“उघडलेली नाही,” मी म्हटलं. “शिवण माझी आहे.”

बापूजी हसले. बाईमाणसाची नजर चुकते म्हणाले, पुन्हा पाहा म्हणाले, बापाचं नाव आठव म्हणाले. म्हणून मी पुन्हा पाहिलं, पण या वेळी शिवण नाही, मोहर. तिच्यावरचं एक अक्षर बुजलेलं होतं. झिजलेलं नव्हे, भरलेलं. कुणीतरी त्यात काही लिंपावं आणि मग ते लिंपणसुद्धा धातूचं होऊन जावं तसं. असं बुजलेलं अक्षर मी दर दिवाळीला याच घरात पाहत आले होते. बापूजींची मोहर चौकटीत नसते, देवघरात असते. यमुताई, म्हणजे त्यांची बायको, लक्ष्मीपूजनाला तिच्यावर कुंकू वाहतात, आणि ते कुंकू वर्षानुवर्षं एका अक्षरात दगडासारखं साचलंय.

मी बापूजींना म्हटलं, तुमची मोहर आणा. ते म्हणाले, तिचा इथं काय संबंध. मी म्हटलं, मग आणायला हरकत काय. ते जागचे हलले नाहीत.

यमुताई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि मोहर आणून माझ्यासमोर ठेवली. यमुताईंच्या मोहरेत जिथं कुंकू, देवरावांच्या मोहरेत तिथं पितळ. हिच्यावरून घेतलेल्या साच्याला कुंकू काय आणि सोनं काय, त्यानं दोन्ही सारखंच उचललं होतं.

“भैय्याजीच घेऊन गेले होते,” यमुताई म्हणाल्या. “अभ्यासाले पाहिजे म्हणे. त्या दिवाळीले मी ताटात सुपारी ठेवून पूजा केली.”

“तू आत जाय वं,” बापूजी म्हणाले. त्या गेल्या नाहीत.

बापूजी म्हणजे दर दिवाळीला ती मोहर हातात घेणारा माणूस. भिंग लावल्याबरोबर त्याला कळलं असणार साचा कोणत्या मोहरेचा आणि ती कुणी नेली होती. तरी त्यानं बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोराच्या तसबिरीला हार आणि संन्याशाला कोठडी. मी त्यांना तोंडावर विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना.

“गेलेल्या माणसाचं नाव काहून घालवाचं?” ते हळूच म्हणाले. “मंडळाच्या सगळ्याच चौकटींचा प्रश्न आहे, बाई. याचं काय? याले ओळखते कोण?”

हे देवरावांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, त्यांच्याच दारात. उष्ट्या पत्रावळीत हात पडावा तसं झालं मला. वडिलांनीही साचा ओतताना हाच हिशेब केला असणार, की हा माणूस बोलला तरी त्याचं ऐकणार कोण. आणि त्या हिशेबाला टाके घातले मी.

मी टेबलावरची कात्री घेतली. बापूजी अगं अगं करत उठले.

“हे नाव मी शिवलंय,” मी म्हटलं. “उसवणारही मीच.”

टाके कापले. मोहर टेबलावर पडली आणि बटणासारखी वाजली. मी देवरावांना म्हटलं, आमच्या घरातलं भैय्याजींचं नाण्यांचं कपाट विकेन, पण तुमचं भरून देईन. लतिकाची फी थांबणार नाही. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे मात्र त्यांना पाहवत नव्हतं. रविवारच्या रविवार त्या माणसाच्या पायाशी बसले होते ते.

तेवढ्यात बापूजींचा आवाज बदलला. देवराव, तुम्ही बाहेर काहून, आत या, खुर्चीवर बसा, चहा घ्या. घरातली गोष्ट घरात राहू द्या.

देवराव उठले. दारापर्यंत आले, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता वाकले, टेबलाकडे पाहिलं. मी ती खोटी मोहर उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

“ठेवा जी बापूजी तुमच्यापाशीच,” ते म्हणाले. “लक्ष्मीपूजनाले लागन.”

आणि ते सायकलचं कुलूप काढायला गेले.