कुऱ्हाडीचं खुरपं

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. पण मी खुरपं म्हणून जन्माला आले नाही. माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य कुऱ्हाड म्हणून गेलं. तेव्हा मला लोक 'ती' म्हणत, आता 'ते' म्हणतात. नावाचं काय एवढं? ज्याच्या हातात असावं, तो म्हणेल ते.

लोहाराने मला मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या पाट्यातून घडवलं. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि चिवट लाकडाचा दांडा बसवला. मग एक पाववाला आला. त्याने धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाला, "चालेल." हा माणूस मुळातच कमी बोलणारा. त्याचं 'चालेल' म्हणजे दुसऱ्या कुणाचं 'वा, वा!'

घराच्या पुढच्या बाजूला त्याची भट्टी होती. मागे अंगण, अंगणात ओंडक्यांची रास आणि तिच्या पलीकडे बाग. दुपारी तो जळण फोडायला उभा राहायचा. जाड ओंडक्याच्या मधोमध घाव घालायचा नाही, कडेकडेने सोलत यायचं. गाठ दिसली की ओंडका फिरवून घ्यायचा. बारीक ढलप्या भट्टी पेटवायला, जाड लाकडं ती धगधगती ठेवायला. गिऱ्हाइकं पावाचं कौतुक करत, तेव्हा तो मागच्या दाराकडे बोट दाखवून म्हणायचा, "जळण नीट फुटलं होतं." मी दारामागे टेकलेली असायचे. मला ऐकू यायचं.

त्याची बायको शेजारच्या वाफ्यात बसून तण काढायची, नुसत्या हातांनी. हरळी खसकन ओढली तर पातं हातात येतं आणि मूळ आत हसत बसतं, म्हणून ती आधी बोटांनी माती सैल करायची, मग मूळ अलगद ओढून घ्यायची.

"तुमचं बरं आहे," ती म्हणायची. "एकदा फोडलेलं लाकूड परत उगवत नाही."

"पाव संपतो की रोज," तो म्हणायचा.

एवढंच बोलणं व्हायचं. दोघांनाही तेवढं पुरायचं.

एका दुपारी त्याने मला डोक्यावर उचललं, आणि मी खाली आले ती ओंडक्यावर नाही, त्याच्या पाठीमागे मातीत. त्याची मूठ सुटली होती. तो आधी गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. ती वाफ्यातून धावत आली. तिच्या मुठीत उपटलेलं गवत तसंच होतं.

तो दवाखान्यातून परत आला, तेव्हा त्याचा उजवा हात दोरीसारखा लोंबत होता. पाय ओढत चालायचा. हाताला चिमटा काढला तरी कळत नसे. भट्टी धाकट्या भावाने चालवायला घेतली आणि विजेवरची आणली. जळणाचं काम संपलं. पायात येते म्हणून कुणीतरी मला पडवीच्या कोपऱ्यात उभं केलं. दांड्याला वाळवी लागली. पात्यावर गंज आला. वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. काहीच वाटलं नाही. गंज दुखत नाही, म्हणून तर तो चढत जातो.

पडवीत खुर्ची टाकून तो दिवसभर बागेकडे पाहत बसायचा. बायको त्याला भरवायची, अंघोळ घालायची, कपडे बदलायची. बागेला वेळ उरत नव्हता. हरळी वाफे ओलांडून पायवाटेवर आली. लव्हाळा माजला. गवत खिडकीला टेकलं. दोघं ते नुसतं बघत. व्यायाम शिकवायला येणारी बाई सांगायची, "त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या." तिने दाबायला रबरी चेंडू दिला. तो एकदा हातातून घरंगळून गवतात गेला. कुणी शोधला नाही.

मग एके दिवशी बायकोने मला फडक्यात गुंडाळलं आणि लोहाराकडे नेलं.

"याचं खुरपं करून द्या. डाव्या हाताला पेलेल असं."

लोहाराने मला उलटंपालटं करून पाहिलं. "वहिनी, वाघाची मांजर करायला सांगताय."

"होऊ दे मांजर. घरात वावरेल तरी."

त्याने मला पुन्हा तापवलं, छिन्नीने कापलं, ठोकून पातळ केलं आणि वाकवलं. आखूड मूठ बसवून तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे ढिल्या पकडीतूनही निसटू नये. उरलेलं लोखंड कोपऱ्यात पडलं. तेही मीच होते. मी तिकडे पाहिलं आणि निघाले.

पाववाल्याने मला लगेच ओळखलं.

"माझी... कुऱ्हाड मोडलीस?" त्याची जीभ अजून जड होती. "विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्याने मला हात लावला नाही. मी खुर्चीच्या पायाशी पडून राहिले. त्याला डुलकी लागली की बायको एकेक वाफा साफ करत गेली. एका वाफ्यात तिने गाजराचं बी पेरलं. ते उगवून आलं. त्याच्यासोबत तणही आलं.

त्या दिवशी तो जागा होता. ती वाफ्यात बसून भराभर उपटत होती. नजर समोर, कुंपणाकडे. हात आपोआप चालले होते.

"अगं," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. "अगं! ती गाजरं आहेत."

तिने मुठीकडे पाहिलं. मुठीत तण कमी होतं, रोपंच जास्त होती. आयुष्यात तिची अशी चूक झाली नव्हती. ती मटकन खाली बसली.

"मला काही दिसेनासंच झालंय हो," ती म्हणाली. "तुमचा हात बधिर झाला. मी अख्खी झालेय. रडूसुद्धा येत नाही."

खुर्चीचा हात धरून तो घसरत जमिनीवर बसला, मला डाव्या मुठीत घेतलं आणि बसल्या बसल्या सरकत वाफ्यापर्यंत गेला. त्याला वेळ लागला. ती उठवायला आली नाही, फक्त बघत राहिली. मग त्याने माझं टोक हरळीच्या मुळाशी घातलं. मला मातीचा दाब कळला. लाकडाच्या घावापुढे तो काहीच नव्हता.

बराच वेळ आम्ही काम केलं. एकाएकी ती ओरडली, "अहो, रक्त!"

त्याचा उजवा हात वाफ्यात पडला होता आणि माझी धार त्याच्या बोटाला लागली होती. त्याला पत्ताच नव्हता. तिने हात धुतला, चिंधी बांधली आणि त्याच्यावर तोंड सोडलं. "जिवाची काही पर्वा आहे की नाही? बोट तुटलं असतं म्हणजे? मी कुठे कुठे बघायचं?" आवाज चढता चढता फुटला आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. तो तिचं रडणं ऐकत बसला. तिला थांब म्हणाला नाही.

मित्रांनो, पुढे फार काही घडलं नाही. त्याचा हात बरा झाला नाही. आता तो कामाला बसताना तो हात मांडीखाली दाबून ठेवतो. त्या वाफ्यातली थोडी गाजरं वाचली. लव्हाळा अजून येतो, कारण त्याच्या गाठी मातीत खोल असतात. ऊन खाली आलं की ते दोघं वाफ्याच्या दोन टोकांना बसतात. तो मला चालवतो, ती हातांनी काढते. काम झालं की ती मला पुसते आणि तेलाचं बोट फिरवते.

तुमच्याही घरी एखादं अवजार कोपऱ्यात उभं असेल. त्याची माती पुसा, त्याला धार लावा. ज्या कामासाठी ते घडवलं ते काम संपलं असेल, तर दुसरं द्या. आणि कोपऱ्यात कुणी माणूस गप्प बसून असेल, तर त्याला नुसतं 'बरं आहे ना?' विचारून पुढे जाऊ नका. त्याच्या शेजारी खाली बसा आणि थोडं तण त्याच्यासाठी राखून ठेवा.