बोंबील न खाणारा कावळा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. चकाल्याच्या या चाळीत मी आयुष्यभर गोष्टी सांगत आलोय आणि आजवर माझ्या एकाही गोष्टीवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. ही मात्र खरी आहे, हीच पंचाईत. तो पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पोरीला मांडीवर घेऊन बसलेला टकलू दिसतो ना, तो नंदू. आता डोंबिवलीला असतो, वर्षातून दोनदा इकडे येतो. गोष्ट त्याचीच. त्याला साक्षीला बसवलाय. फक्त मध्ये तोंड घालायचं नाही, असं ठरलंय आमचं.

साल पंच्याऐंशी. तेव्हा चाळीवर कौलं होती आणि माझ्या डोक्यावर केस. नंदूचा बाप जयवंत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. गिरणी सुटल्यावर इथल्याच एका कारखान्यात लागला होता. पोटाचं ऑपरेशन झालं, अठरा दिवस हॉस्पिटलात पेज पीत पडून राहिला आणि एकोणिसाव्या दिवशी गेला. नंदू दहा वर्षांचा.

दहाव्याला आम्ही सगळे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेलो. म्हटलं, तिथे मासळी सुकत असते, माणसांपेक्षा कावळे जास्त, पिंडाला काही उशीर लागायचा नाही. तर पिंड मांडला आणि एक कावळा पुढे येईना. किनाऱ्यावर मी मोजले, दोनशे सहा कावळे होते, सगळे पाठ करून बसलेले. मग जो तो जयवंताला वचन द्यायला लागला. त्याचा भाऊ धाकू म्हणाला, पोराला शिकवीन. त्याच्या बायकोने, जानकीवहिनींनी, हात जोडून काय ते मनातल्या मनात सांगितलं. शेवटी मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, जयवंता, आजपासून थापा मारणार नाही. तेव्हा तर त्यातल्या त्यात जवळ बसलेले दोन होते तेही उडून गेले.

सूर्य डोक्यावर आला. भटजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही सुटल्यासारखे घरी आलो. मोठ्यांचं भागलं. पण नंदू त्या गवताच्या कावळ्याकडे असा बघत होता, जसा आपण खोट्या नोटेकडे बघतो.

त्या दिवसापासून त्याने मासे सोडले. मालवणी पोराने मासे सोडावेत, म्हणजे बघा. जानकीवहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं, सुंगटं तळली, हा आमटी-भात कालवून उठायचा. कोणाशी भांडायचा नाही, रडायचा नाही. पतंगाच्या दिवसांत टाकीच्या कट्ट्यावर बसायचा आणि पतंग सोडून कावळे बघायचा. आपला बाप कुठेतरी मध्येच अडकून राहिलाय, आणि तो आपल्यामुळे, असं त्या पोराने मनाशी पक्कं धरलं होतं. आपल्यामुळे का, ते मात्र कोणाला सांगेना.

त्याला बोलतं केलं ते शकूने. शकू म्हणजे टोकाच्या खोलीतल्या अंबादास लाइनमनची मुलगी. टेलिफोनच्या खांबावर बाप चढायचा आणि चाळीच्या पाइपावर ही. माणसं मूळची जालन्याकडची, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि पोरीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. तिने नंदूला कट्ट्यावर गाठलं, कावळे कशाला बघतोस विचारलं. तो म्हणाला, एक पाहिजे. ती म्हणाली, एवढंच ना, चल.

दोघं शाळा बुडवून बसने वर्सोव्याला गेली. कोळीवाड्यात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, आणि खाली फाटक्या जाळ्यात एक कावळा अडकून पडलेला. पंख दुखावलेला. चंपा नावाच्या कोळणीने कोयतीने जाळं कापलं, कावळा पोरांच्या हातात दिला, आणि पोरं कोण, कुठली, कशाला आलीत हे विचारून झाल्यावर मूठभर सुके बोंबीलही दिले. कावळा शकूच्या दप्तरातून चाळीत आला. बसमध्ये त्याने दप्तरातून डोकं काढलं तर कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट माझ्या ट्रंकेत होतं, उंदराने खाल्लं नसतं तर दाखवलं असतं.

आता दहाव्याला न आलेला कावळा दुखवट्याच्या घरात कोण ठेवून घेईल? जानकीवहिनी नुसत्या दाराच्या आत झाल्या. मग तो आला माझ्या गॅलरीत. माझ्याकडे पोपटाचा पिंजरा रिकामा होता. पोपट का पळाला विचाराल तर माझ्या गोष्टी त्याला तोंडपाठ कराव्या लागायच्या, आणि त्याला खोटं बोलायला आवडत नसे. अंबादासने टेलिफोनच्या तारांना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी आणून पंख बांधला. म्हणाला, तीन आठवडे हलवू नका, लाइन जोडली जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीला वेढा पडला. चारशे तेरा कावळे. कौलांवर, तारांवर, नळावर. बायकांना हंडा भरायची सोय राहिली नाही. चारशे तेरावा एका डोळ्याचा होता, तो त्यांचा पुढारी. धाकू डोक्यावर बादली घालून कामाला जायचा. मी पुढाऱ्याशी बोलणी केली, की पाहुणा बरा झाला की पाठवतो, तोवर रोज एक लादी पाव. तेव्हा कुठे वेढा उठला.

आणि पाहुणा म्हणाल तर काय खायचा नाही ते विचारा. पाव खाल्ला, भजी खाल्ली, माझ्या चष्म्याचा स्क्रू खाल्ला, लाइफबॉयची अर्धी वडी खाल्ली. एकच गोष्ट खाईना. बोंबील. वर्सोव्याच्या कावळ्याने बोंबिलाला तोंड लावू नये, म्हणजे भटजीने लाडवाला नको म्हणण्यासारखं. आणि नंदू रोज शाळेतून आला की स्टोव्हवर एक बोंबील भाजायचा, पिंजऱ्याच्या तारांमधून आत धरायचा आणि हळूच म्हणायचा, घ्या ना. कावळ्याला कोणी अहोजाहो करतं का? तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कावळा मान फिरवायचा. असं वीस दिवस चाललं. नंदू वाळत चालला, कावळा गरगरीत झाला.

एकविसाव्या दिवशी मी खोलीत खाटेवर पडलो होतो. दारातून गॅलरीतलं सगळं दिसतं, ऐकू येतं तिथे, आणि मी झोपेचं सोंग छान घेतो. शकू विचारत होती, पाव खातो ना तो, मग तू बोंबलाच्याच मागे का लागलायस? नंदूने हातातला बोंबील खाली ठेवला. मग त्याने सांगितलं.

हॉस्पिटलात जयवंताला पेजेचा वीट आला होता. त्याने नंदूच्या कानात सांगितलं होतं, आईला कळू देऊ नको, एक बोंबील भाजून घेऊन ये, नुसता चोखीन. नंदूने शेजारच्या मालनमावशीकडून भाजून घेतला, कागदात गुंडाळला आणि बसमध्ये बसला. कागद गरम. वास येत होता. आधी शेपूट मोडून खाल्लं, मग थोडं, आणि हॉस्पिटलचा स्टॉप आला तेव्हा हातात नुसता कागद. बापाला सांगितलं, विसरलो. बाप हसून म्हणाला, "बरां, उद्या हाड."

तो उद्या आलाच नाही. रात्रीतच जयवंत गेला.

"म्हणून शिवला नाही कावळा," नंदू म्हणाला. "सगळ्यांनी भलतीच वचनं दिली. बाबांना बोंबील पाहिजे होता. तो मी खाल्ला."

मी खाटेवर श्वास धरून. एवढी मोठी गोष्ट मला अख्ख्या आयुष्यात रचता आली नव्हती, आणि हे पोर ती दोन महिने एकटं घेऊन फिरत होतं.

शकूने त्याला जवळबिवळ घेतलं नाही. ती म्हणाली, "बसमध्ये, हातात गरम बोंबील? मी तर कागदपण चाटला असता."

नंदूने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

"आणि काय रे नंद्या, तुझे बाबा ओरडले?"

"नाही. हसले."

"त्यांना वास नसेल आला तुझ्या तोंडाचा? मालवणी माणूस ना ते? त्यांना कळलंच असणार. आणि कळूनसुद्धा 'उद्या आण' म्हणाले. रागावलेला माणूस उद्याचं सांगतो होय?"

हे त्याला नवीन होतं. मलाही. गॅलरीत इतकं शांत झालं की कावळा चष्म्याचा स्क्रू पचवताना ऐकू येत होता.

मग शकू म्हणाली, "आमच्यात हे कावळ्याचं नसतं, मला त्यातलं कळत नाही. पण कोंडून ठेवलेल्याने खाल्लं तर ते खाल्लं म्हणायचं का? दार उघड. मनात असेल तर खाईल."

"उडून गेला तर?"

"तर गेला."

नंदूच्या हातात तेवढाच एक कावळा होता. तो गेला की बापाला बोंबील पोचवायचा रस्ताच संपला. तो पिंजऱ्यासमोर बसून राहिला. चाळीत नळ आला, हंडे भरून झाले, नळ गेला. मी तर कूस बदलणंही थांबवलं होतं. मग त्याने शकूला पंखावरची पट्टी सोडायला लावली, कठड्यावर भाजलेला बोंबील ठेवला आणि स्वतःच्या हाताने दार वर ओढलं.

कावळा चालत बाहेर आला. कठड्यावर चढला. बोंबलाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि उडाला. थेट मागच्या जांभळीवर. नंदू आणि शकू त्याच्यामागे जिन्यावरून धडधडत खाली पळाली.

आता पुढचं फक्त मी पाहिलंय, म्हणून नीट ऐका. मी खाटेवरून उठून गॅलरीत आलो. तर कावळा परत आला. एकटा नाही, बायकोला घेऊन. मागे ते चारशे तेरा, ओळीने, एकाच्याही तोंडून काव नाही. कठड्यावर उतरला, चोच दोन्हीकडून पुसली, जेवायला बसताना जयवंत मान झुकवायचा तशी मान झुकवली, आणि बोंबील डोक्याकडून उचलला. चाळीला तीन फेऱ्या घातल्या आणि सगळा लवाजमा वर्सोव्याच्या दिशेने गेला. मी वरून ओरडलो, "नंद्या, शिवला रे शिवला!"

पोरं वर आली. कठडा रिकामा. नंदूने बोंबील ठेवला होता त्या जागेवरून हात फिरवला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय, रडू दे. मग तो घरात गेला आणि आईला म्हणाला, आई, बोंबील भाज. जानकीवहिनींनी स्टोव्हवर तवा ठेवला. धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणाल्या. स्टोव्ह अजून पेटवलाही नव्हता. त्या दुपारी नंदूने आठ बोंबील खाल्ले आणि शकूने अकरा. ती शकू आता नाशिकला नर्स आहे, आणि पेशंटला हळूच काय काय आणून देते ते मी सांगत नाही.

तर असा तो कावळा. अख्ख्या मुंबईत इतका शब्दाला जागणारा प्राणी झाला नाही, आणि हे मी माझ्या या दोन डोळ्यांनी...

"बाबा, खरं?" कट्ट्यावरून नंदूच्या पोरीने विचारलं.

नंदूने ठरलेलं मोडलं.

"नाना, कावळा परत आलाच नाही. मी चप्पल घ्यायला अर्ध्या जिन्यातून मागे वळलो होतो. तो बोंबील तुम्ही खाल्लात, शेपटीसकट, इकडेतिकडे बघत. मी काही बोललो नाही, कारण बसमध्ये मी अगदी तसाच खाल्ला होता."