वाळूचं पांघरूण

बंबकाका त्या सकाळी चक्क आठ वाजेपर्यंत झोपले. आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही पाचच्या ठोक्याला टक्क जागा व्हायचा. पण गेले पंधरा दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गल्लीने बागेत सामुदायिक शेकोटी करायचं ठरवलं, बागेच्या अधिकाऱ्यांनी परवानगी देताना विचारलं की जबाबदार माणूस कोण, आणि सगळ्यांनी एकसाथ काकांकडे बोट दाखवलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला होता.

काल संध्याकाळची शेकोटी मात्र झकास झाली. झाडांपासून लांब, मोकळ्या जागेत काकांनी चुन्याने गोल आखला. गोलापासून वीस पावलांवर दोरी. दोरीच्या आत फक्त तीन माणसं, तीही सुती कपड्यांत. पाण्याने भरलेली चार पिंपं, वाळूचा ढीग, आणि वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून काठीला बांधलेली चिंधी. एकाने मोडकी प्लास्टिकची खुर्ची जाळायला आणली, तर काकांनी ती काढून घेतली आणि शेवटपर्यंत तिच्यावरच ठाण मांडून बसले. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. साडेसातला ज्वाळा खाली बसल्या, माणसं पांगली. धुराने काकांचे डोळे इतके चुरचुरत होते, की काकूंनी फर्मान काढलं, आता घरी चला. मागची आवराआवर काकांनी मेहुणेबुवांवर सोपवली.

मेहुणेबुवा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, शेजारच्याच गल्लीत राहणारे. टापटिपीचं भारी वेड. त्यांच्या घरात चपलासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात, असं खुद्द काकूच सांगायच्या.

काका चहा घेत बसले होते, तेवढ्यात मेहुणेबुवा शाबासकी घ्यायला हजर झाले. कालच्या कामाचं त्यांनी साग्रसंगीत वर्णन केलं. एवढं पाणी ओतलं असतं तर हिरवळीवर काळा चिखल झाला असता. म्हणून पाण्याला त्यांनी हातच लावला नाही. ढिगातली सगळी वाळू फावड्याने निखाऱ्यांवर पसरली आणि वरून दाताळं फिरवलं.

"दाजी, जाऊन बघाच एकदा. काल इथे आग होती असं सांगूनही कोणाला पटायचं नाही. दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली मी."

काकांचा कप ओठांपाशीच थांबला. "पाणी किती घातलंस?"

"थेंबसुद्धा नाही," मेहुणेबुवा अभिमानाने म्हणाले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या त्या हात पुसतच. "अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज टिकलीच्या बालवाडीतल्या ताई मुलांना बागेत नेणार होत्या. नऊ वाजता."

टिकली म्हणजे त्यांची नात. चार वर्षांची.

घड्याळात नऊला पाच मिनिटं होती. काकांनी बालवाडीत फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. वाळूखाली निखारा विझत नाही, मुरतो. धूर नाही, लाली नाही, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि आत रात्रभर धग टिकून राहते. अशा वाळूवरून चाललेल्या माणसांचे तळपाय काकांनी नोकरीत पाहिले होते. ती सगळी मोठी माणसं होती.

मेहुणेबुवांनी स्कूटर काढली आणि सवयीने फडकं घेऊन सीट पुसायला लागले.

"पूस, पूस," काका म्हणाले, "चाकंही धुऊन घे हवं तर."

मेहुणेबुवांनी फडकं टाकलं. वाटेत काकांनी दोनच वाक्यांत त्यांना सगळं समजावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्कूटर फुलांच्या वाफ्यात घुसेपर्यंत थांबवली नाही.

हिरवळीच्या मधोमध वाळूचा सुरेख गोल पसरला होता. जणू बागेने मुलांसाठी मुद्दाम करून ठेवलेला. आणि त्याच्या काठाला ओळीने लावून ठेवलेले बुटांचे अकरा छोटे जोड. पायमोजे आत कोंबलेले. आसपास मूल एकही नाही.

काकांची नजर वाळूवर गेली. दाताळ्याच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत जशाच्या तशा होत्या. पाऊल सोडा, चिमणीचा पंजाही उमटला नव्हता. मेहुणेबुवांच्या टापटिपीला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात कुंपणाच्या झुडपांमागून कलकलाट ऐकू आला. बागेच्या शौचालयाकडून अकरा पोरं अनवाणी पळत येत होती, थेट वाळूकडे. ताई बिचाऱ्या बऱ्याच मागे.

लहान मूल 'थांब' म्हटल्यावर थांबत नाही. 'जाऊ नको' म्हटलं तर हमखास जातं. त्याला करायला काहीतरी द्यावं लागतं. काका वाळूच्या पुढे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि बंबावरचा जुना आवाज काढला.

"सगळ्यांनी मटकन खाली बसा! बघू कोण आधी बसतं!"

दहा पोरं बसली. एक उभीच राहिली. आजोबांचा आवाज तिला घरात रोजचाच होता.

"आजोबा, तुम्ही पण बसा ना," टिकली म्हणाली.

काका बसले. मग टिकलीही बसली, त्यांच्या मांडीवर.

ताई धापा टाकत पोचल्या आणि काय झालं ते सांगू लागल्या. नवी वाळू बघून मुलं खूश झाली, बूट काढून झाले, आणि ऐन वेळी टिकलीला शू लागली. दहा जणांना मागे सोडून जाता येत नाही, म्हणून सगळी पलटण घेऊन जावं लागलं. दोन मिनिटं आधी सांगता येत नाही का, असं त्या तिच्यावर करवादल्याही होत्या. काकांनी वाळूखाली काय आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी टिकलीला जवळ ओढलं आणि नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मेहुणेबुवांनी फावड्याने वाळू बाजूला केली. चार बोटं खाली निखारे लालबुंद होते. त्यांच्याकडे बघून मेहुणेबुवांचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी नीटच करायला गेलो, दाजी."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "विझव म्हणालो, कसं विझवायचं ते सांगितलं नाही. आणि विझलं की नाही ते हात लावून बघायला थांबलो नाही. जबाबदार माणूस म्हणून माझं नाव आहे, तुझं नाही."

मुलं हिरवळीवर लांब बसून बघत होती. वाळू टाकली तरी आग का नाही विझली, असं एकाने विचारलं. रात्री आई पांघरूण घालते तेव्हा तुम्ही गार होता की गरम, काकांनी उलट विचारलं. गरम, असा एकच गलका झाला. मग मामांनी रात्री निखाऱ्यांना पांघरूण घातलं, काका म्हणाले. पोरं खदाखदा हसली, आणि त्या हसण्यात कसं कोण जाणे, मेहुणेबुवाही सामील झाले.

पिंपं तिथेच होती, भरलेली. पाणी ओतायचं, फावड्याने ढवळायचं, परत ओतायचं. आधी चर्र आवाज, मग वाफेचे लोट, मग नुसतं पाणी. चारही पिंपं रिकामी झाली. काकांनी हाताची मागची बाजू राखेजवळ नेली, मग बोटं टेकवली, मग मनगटापर्यंत हात आत घातला. नंतर मेहुणेबुवांनाही घालायला लावला. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीसकट त्यांनी तो घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"गार आहे," ते म्हणाले. "अगदी गार."

आता जाऊ का, असं पोरांनी विचारलं. राखेत खिळे असतात, आज नाही, काकांनी सांगितलं. खेळ झोपाळ्यांकडे हलला. त्याआधी बूट घालायचे होते, आणि ताई एकट्या. दोघं म्हातारे हिरवळीवर बसले आणि एकेक पाय हातात घेऊ लागले. बावीस पाय होते. पायांना गवत चिकटलेलं, बोटांमध्ये माती, टाचा मऊ आणि थंडगार. काका प्रत्येक तळवा अंगठ्याने पुसत होते, जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ. पोरांना गुदगुल्या होत होत्या.

"मामाआजोबा," टिकली शेजारून म्हणाली, "हा उजवा आहे. तुम्ही डावा घातलात."

मेहुणेबुवांनी डोळे पुसले, बूट काढला आणि परत घातला.