चादरीवरचा सोनाटा

आज चंद्र दिसू नये, एवढंच शिवकांतानं सकाळी पूजेत मागून घेतलं होतं. लिंगायताच्या पोरीनं मोहरमच्या चंद्रासाठी इष्टलिंगाला साकडं घालावं, हे नळदुर्गाबाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण तिची अडचणच तशी होती. चंद्र आज दिसला तर शरिफाबींच्या पियानोचं झाकण आजच बंद होणार, उद्या दिसला तर उद्या. अमावास्या कालच सरलेली, त्यामुळं कोर दिसेल न दिसेल असा मामला होता, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

शरिफाबी म्हणजे मुन्सिफसाहेबांच्या विधवा. हैदराबादेत मडमांच्या शाळेत त्या पियानो शिकल्या आणि लग्न करून इकडं आल्या तेव्हा तो बैलगाडीवर घालून बरोबर आणला. गावानं त्याचं नाव ठेवलं मोठी पेटी. कापडवाले मल्लिनाथ एकदा त्यांच्याकडं मलमलीचे तागे दाखवायला गेले, बरोबर लहानगी शिवकांता होती, ती त्या पेटीपाशी जी चिकटली ती चिकटलीच. मल्लिनाथांना वाटलं, शिकेल तर भजनाला उपयोग होईल. या पेटीवर भजन वाजत नाही हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत पोरगी हाताबाहेर गेली होती.

शरिफाबींच्या घरचा रिवाज असा, की मोहरमचा चंद्र दिसला की वाद्य बंद, ते थेट इमामांच्या दुखवट्याचं चाळिसावं होईपर्यंत. मात्र शिकवणी बंद नसे. त्यांनी स्वतः एक पांढरी चादर करून ठेवली होती. तिच्यावर काळ्या दोऱ्यानं पियानोच्या सगळ्या पट्ट्या मापात टाचलेल्या, काळ्या पट्ट्या तर दोरा भरून चांगल्या जाड केलेल्या. झाकण लावायचं, वर चादर अंथरायची आणि तिच्यावर बोटं चालवायची. आवाज नाही, काही नाही. शेजारच्या बायका म्हणत, बीबी पोरीला शिवणकाम शिकवत असतील.

दरसाल हे निभून जाई. यंदा शिवकांताचं लग्न ठरलं होतं, तेही याच मार्गशीर्षात. झाकण उघडेल तेव्हा ती गुलबर्ग्यात, तुरीच्या आडत्याची सून झालेली असणार. तिथं पियानो नव्हता. मल्लिनाथांनी बैठकीत भीत भीत विचारलं, तर व्याही म्हणाले होते, आमच्याकडं फोनो आहे, चांगला भोंगेवाला.

तेव्हा आता एकच सोनाटा, म्हणजे पियानोवरची एक पुरी रचना, शिकायला अवसर होता. आणि समोर तर दोन होते. नळदुर्गच्या किल्ल्यात बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळतं, एकीला नर म्हणतात, एकीला मादी. शिवकांतानं या दोन सोनाट्यांना तीच नावं दिली होती. मादी संथ, सगळी उजव्या हाताची; डाव्यानं नुसतं खालून धरून ठेवायचं. ती बहुतेक बसली होती, एक शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. नर मात्र डाव्या हातानं सुरू होई, तोही दणक्यानं. तो तिनं एकदाच ऐकला होता, शरिफाबींची बोटं संधिवातानं आखडायच्या आधी. त्या दिवसापासून तो तिच्या डोक्यातून गेला नव्हता. भाकरी थापताना देखील तो तिच्या कानात वाजे.

शरिफाबींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. मादी पुरी करायची, डोळे भरून नव्हे तर कान भरून ऐकायची आणि सासरी जायचं.

"तुझा डावा हात मारत न्हाई बेटा," त्या म्हणायच्या. "सारंगीवाल्यासारका नुसता फिरतो."

ते खरंच होतं, आणि का ते शिवकांताला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी दीक्षा झाली तेव्हा आईनं तिचा डावा तळहात उघडून त्यावर लिंग ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, ही देवाची बसायची जागा, या हातानं कुणावर उगारायचं नाही. तेव्हापासून रोज सकाळी तो हात छातीशी धरून ती बसे. माशी बसली तरी हात हलत नसे. भावंडांशी मारामारी झाली तरी ती उजव्या हातानंच. मग त्याच हातानं पियानोवर घाव कसा घालायचा? हात वर जाई आणि पट्टीपाशी येता येता आपोआप मऊ पडे. हे तिनं शरिफाबींना कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटे.

त्या संध्याकाळी मल्लिनाथ ओसरीवर बसून होते. दिवेलागणीला पोरीला घेऊन परतायचं होतं. शरिफाबींचा पुतण्या गफार माळवदावर चंद्र बघायला चढला होता. आत शिवकांता मादीचं शेवटचं पान वाजवत होती आणि तिचं निम्मं लक्ष वरच्या पावलांकडं होतं. पावलं थांबली की तिची बोटं अडखळत.

"खाली बघ. चंद्र गफार बघल," शरिफाबी करवादल्या.

तिनं पुन्हा सुरुवात केली. पान अर्ध्यावर आलं. आणखी चार ओळी. मादी सापडत चालली होती, हे तिलाही कळत होतं. गोड होती, अगदी गोड. आणि तिला मनातून राग येत होता, कशाचा ते कळेना. ही वाजवून झाली की झालं. नर जन्मात भेटणार नाही.

"दिसला! चाची, दिसला!" वरून गफार ओरडला.

शिवकांताचे हात जागच्या जागी थांबले. शरिफाबींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली, ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि झाकण लावलं. चार ओळी राहिल्या त्या राहिल्याच. ओसरीवर मल्लिनाथांनी चपला पायात सरकवल्याचा आवाज झाला.

"रडू नको," शरिफाबी चादर अंथरत म्हणाल्या. "चार तर ओळी हायेत. उद्या चादरीवर करू. बाकीची तर कानानं ऐकलीस ना?"

"खालाजान, मला नर शिकवा."

शरिफाबींचे हात चादरीवरच राहिले. "डोकं फिरलं काय तुझं? आता? तुझ्या हातचा तो एकदा बी ऐकायला मिळणार न्हाई तुला. मुका शिकणार, मुकाच घेऊन जाणार. अधुरं काळजात घेऊन सासरी जाऊ नये, लई जाळतं ते."

"मादी मला येतीच. चार दिसांत सरल. मंग तिकडं जन्मभर काय करू? नर सरायचा न्हाय." तिनं चादरीचं टोक मुठीत धरलं. "आन् ही मला द्या. लग्नात दुसरं काय बी देऊ नका. पेटाऱ्यात घालून नेते."

शरिफाबींनी चादरीचं दुसरं टोक धरून ठेवलं. त्यांना चादरीचा लोभ नव्हता. त्यांना भीती वाटत होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. "आन् डावा हात?" त्यांनी अखेर विचारलं. "तो कुठून आणशील?"

बाहेरून मल्लिनाथांची हाक आली, "शिवकांता, चल गं, अंधार पडतोय."

शिवकांतानं गळ्यातल्या चांदीच्या करडगीला उजवा हात लावला. आतलं लिंग नेहमीसारखं जड लागलं. रोज सकाळी हात स्थिर धरायचा, तर खांद्यापासून किती जोर लावावा लागतो, ते तिला एकदम आठवलं. पूजा संपली की दंड भरून आलेला असे. हा हात दुबळा नव्हताच. इतकी वर्षं तो जोर लावतच होता, फक्त न हलण्यासाठी. देवाला तो जोर रोज दिसत होता, मग आज त्याला राग कशाला येईल? तरीही तिला भीती वाटली.

तिनं डावा हात उचलला. तो मऊ पडेल म्हणून शरिफाबी बघत राहिल्या. तो मऊ पडला नाही. पाची बोटं एकदम चादरीवर आदळली. आतल्या तारा नुसत्या शहारल्या, दिव्याची ज्योत हलली.

मल्लिनाथ दारात येऊन उभे राहिले. "काय पडलं, बीबीसाहेब?"

शरिफाबींनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा असा काही आंबला होता, जणू कुणी जिभेवर चिंच ठेवली. डोळे घट्ट मिटलेले, एक हात कानावर.

"खोटा!" त्या म्हणाल्या. "खोटा सूर. करंगळीला तिथं काळी पट्टी हाय, तू पांढरीवर मारलंस."

शिवकांता त्यांच्याकडं बघतच राहिली. खोलीत तर लाकडाचा धप्प एवढाच आवाज झाला होता.

"खालाजान, तुमाला ऐकू आलं?"

"कान फाटले माझे," शरिफाबी म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि त्या भयंकर चिडल्या होत्या. "मल्लिनाथ, बसा थोडं बाहेर. हं, पुन्हा मार."

शिवकांतानं करंगळी सरकवून जाड काळ्या दोऱ्यावर आणली, आणि हात उचलला.