एकाच आडनावाच्या दोन नळ्या

मी सेंट्रिफ्यूज बोलतोय. नाव अवघड वाटत असेल तर रक्त घुसळणारी रवी म्हणा. रवीनं घुसळलं की लोणी वर येतं. तशी माझ्या पोटात रक्ताची नळी ठेवून मला गरगर फिरवलं की जड लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, नितळ प्लाझ्मा राहतो. मला येतं ते एवढंच. माणसं मात्र माझ्याकडे याहून पुष्कळ जास्त मागतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. पांढरा रंग लावून, खोक्यात बसवून मला जबलपूरला पाठवलं. पहिलं घर चेरीतालमधलं, विभावरीताईंची रक्ततपासणीची लॅब. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नळ्या ठेवताना ताई माझ्याशी बोलायच्या, "चल बाबा, फीर आता." माझी मराठी त्यांच्याकडून आलेली.

तिथं कामही सरळ होतं. लोक सकाळी उपाशीपोटी यायचे, संध्याकाळी रिपोर्ट न्यायचे. साखर आहे किंवा नाही, कावीळ आहे किंवा नाही. मला वाटायचं, माणसांच्या सगळ्याच प्रश्नांना अशी उत्तरं असतात.

पुढं ताईंचे गुडघे गेले. लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली, लॅब बंद झाली. मला मदन महालकडच्या डॉक्टर गौतम यांनी विकत घेतलं.

डॉक्टर त्वचेचे आणि केसांचे. सुरुवातीला टक्कल पडलेली माणसं यायची. दंडातून रक्त काढायचं, मी ते फिरवायचं, वरचा प्लाझ्मा सुईनं त्यांच्या डोक्यात टोचायचा. त्याला पीआरपी म्हणतात. रक्तातले जखम भरून काढणारे कण त्यात दाटून येतात, म्हणून जिथं टोचाल तिथं नवी उभारी येईल असा हिशेब. मग एक दिवस बाहेरची पाटी बदलली. 'पुरुषांची कमजोरी, स्त्रियांचा त्रास. आपल्याच रक्तातून इलाज.' त्या दिवसापासून सुई डोक्यात जायची थांबली आणि शरीराच्या त्या भागात जाऊ लागली, ज्याचं नाव घ्यायला माणसं आईबापांकडून कधी शिकलेलीच नसतात.

ही माणसं वेगळी असतात. हेल्मेट खोलीत आल्यावरच काढतात. "मित्रासाठी विचारून राहिलो," असं म्हणतात आणि कानाच्या पाळ्या लाल होतात. बाया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतात आणि सोडतात. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात, "आपका ही खून है. नुकसान कुछ नहीं, फायदा ही फायदा." ते ऐकलं की समोरचा माझ्याकडे बघतो. देवळात मूर्तीकडे बघावं तसा. मला तेव्हा फार अवघडल्यासारखं होतं.

अंबरीश राजूरकर असाच आला. फॅक्टरीत सुपरवायझर, उंचापुरा माणूस, मिशी नीट कापलेली. मराठी डॉक्टर त्यानं मुद्दाम टाळला होता. गावातली मराठी घरं एकमेकांना ओळखून असतात. आज कळलेलं उद्या गणपतीच्या मांडवात पोचतं. साखरेचा आजार त्याला जुना होता, आणि त्या आजारानं त्याचं पुरुषपण हळूहळू नेलं होतं.

"बीवी को मालूम है?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ बोलती नहीं साहब," तो म्हणाला. "बोलती तो अच्छा था."

बायको झोपायला गेली की तो टीव्हीसमोर झोपल्याचं सोंग घ्यायचा. तिनं अंगावर पांघरूण घातलं तरी डोळे उघडायचा नाही. आपण इथं येतो हे तिला कळू देऊ नका, असंही त्यानं डॉक्टरांना बजावलं. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की माझी मोटर चालू असती तर मला ऐकूच आलं नसतं.

सुई टोचली तेव्हा त्यानं पलंगाचा दांडा धरला. जाताना नर्स मीरादीदीला म्हणाला, "अब ठीक हो जाएगा न?" मीरादीदीनं मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, ते मला कळलं नाही. त्यानं मात्र होकाराचीच धरली.

त्याच सुमाराला लतिका येऊ लागली. जबलपूरजवळच्या पाटणच्या शाळेत शिकवायची. बसमधून उतरून सरळ इकडे यायची, पर्समध्ये खडूची भुकटी तशीच. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर आतून कोरडेपणा, आग. नवऱ्यानं जवळ घेतलं की जीव जायचा. "उन्होंने तब से मुँह फेर लिया," ती डॉक्टरांना म्हणाली. "मुझमें अब कुछ बचा नहीं, ऐसा लगता होगा."

"पति को बताया, यहाँ आती हैं?"

"नहीं. मत बताइए."

तिचंही रक्त मी फिरवलं. तिलाही सुई टोचली गेली. ती रडली, पण तोंडात पदराचा बोळा घालून, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पुढच्या वेळी आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, फरक पडला का. ती म्हणाली, "पता नहीं. वो पास आएँगे तब तो पता चलेगा."

मग डॉक्टर म्हणाले, "एक बार और कर लेते हैं."

तुम्हाला एव्हाना समजलं असेल. मला समजलं नव्हतं. मला नळ्या कळतात, नावं वाचता येत नाहीत.

त्या दिवशी डॉक्टरांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. एरवी ते माणसं लांबलांब अंतरानं बोलवायचे, म्हणजे कुणाची कुणाशी गाठ पडू नये. त्या दिवशी सगळी एकामागोमाग आली. पडद्यामागच्या पलंगावर लतिका होती, रक्त देऊन झालेलं, भूल देणारं मलम लावून पडलेली. अंबरीशचं रक्त मीरादीदीनं बाहेरच्या खुर्चीवरच काढून घेतलं. मला तोल लागतो. एका बाजूला नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर मी थरथरतो. एरवी मीरादीदी समोर पाण्याची नळी ठेवायची. घाईत तिनं त्या दोघांच्या नळ्या समोरासमोर ठेवल्या आणि झाकण लावलं.

मी फिरलो. थांबलो. तिनं दोन्ही नळ्या काढल्या आणि तशीच उभी राहिली. दोन्हींत सारखाच पिवळा प्लाझ्मा. दोन्हींवर घाईत नुसतं आडनाव लिहिलेलं, आणि तेही एकच, हे मला मागाहून कळलं.

कोणती नळी कुणाची, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिनं मोठ्यानं विचारलं, "राजूरकर कौन हैं?"

पडद्यामागून आवाज आला, "मैं."

दाराबाहेरून आवाज आला, "मैं, दीदी."

दार ढकलून अंबरीश आत आला. मीरादीदी आडवी येईपर्यंत त्यानं पडदा बाजूला केला होता.

"लतिका?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. परका पुरुष आत यावा तशी. ते बघून त्याचा चेहरा काळवंडला.

"तू काहून आली इथं?"

"तुम्ही काहून आले?"

"माझं सांगायला आली का डॉक्टरला? मी कामाचा नाही राहिलो, हे सांगायला?"

"मी माझ्यासाठी आली!" ती एकदम ओरडली. "मला आग होते. ऑपरेशन झाल्यापासून. तुम्ही जवळ आले अन् मी कण्हली, तेव्हापासून तुम्ही आलेच नाही. मला वाटलं, आता मी तुम्हाला नको. म्हणून सुया टोचून घेऊन राहिली मी. कोणाला न सांगता."

अंबरीश भिंतीला टेकला. "नको कशी होशील," तो म्हणाला. "मला येतच नव्हतं, लतिका. साखरेनं सगळं गेलं. तू कण्हली न, तेव्हा बरं वाटलं मला. बहाणा भेटला."

"बहाणा?" ती म्हणाली. "मी रोज आरशात बघून रडून राहिली, अन् तुम्हाला बहाणा भेटला?"

त्यानं मान खाली घातली.

आवाज ऐकून डॉक्टर आले. मराठी त्यांना समजत नव्हती, पण दोन माणसांचे चेहरे समजायला भाषा लागत नाही. मीरादीदीनं नळ्यांचं सांगितलं. "कोई बात नहीं," ते चटकन म्हणाले. "फेंक दो. दोबारा निकाल लेंगे."

"डॉक्टर साहब," लतिका उठून बसली. "आपको मालूम था, हम एक ही घर के हैं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "मरीज की बात मैं किसी को नहीं बता सकता. आप दोनों ने मना किया था."

"पर इतना तो कह सकते थे, कि पहले घर में बात करो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"इससे होगा क्या? सच बोलिए."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काय बघायचं? मी तर नुसता फिरतो. "किसी-किसी को फर्क लगता है," ते हळू म्हणाले. "पक्का अभी कोई नहीं कह सकता."

त्या खोलीत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मला वाटलं, आता ही दोघं उठून जातील. पण अंबरीश खुर्चीत बसला आणि बाही वर करू लागला. "निकालिए."

"अहो, नको," लतिका म्हणाली.

"निकालिए, साहब!"

"त्यांनीच सांगितलं न, पक्कं नाही म्हणून!"

"मग मी काय करू?" त्याचा आवाज फुटला. मीरादीदी सुई हातात धरून जागच्या जागी थिजली. "सांग न. गोळ्या खाल्ल्या, वैद्य झाले, हे झालं. हेही नाही म्हणते तू. मग काय उरलं माझ्याजवळ? तुझ्याजवळ कोणतं तोंड घेऊन येऊ मी?"

लतिका चादर गुंडाळून पलंगावरून उतरली. परक्या लोकांसमोर, अनवाणी. तिनं त्याची बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावायचा प्रयत्न केला. बटण काही लागेना. शेवटी तिनं तो हात नुसता धरून ठेवला.

"मी रागात आहे," ती म्हणाली. "फार रागात आहे. पण चला घरी."

"घरी जाऊन?"

"मला नाही माहीत. पण आज तुम्ही बोलून तर राहिले."

ती दोघं गेली. दोन्ही नळ्या मीरादीदीनं कचऱ्याच्या लाल डब्यात टाकल्या.

बरेच दिवस त्यांचं काही कळलं नाही. मग एका दुपारी लतिका आली, विसरलेली छत्री न्यायला. मीरादीदीनं तिला पाणी दिलं आणि चाचरत विचारलं, "ठीक हुआ, दीदी?"

"नहीं," लतिका म्हणाली. अंबरीश आता साखरेच्या डॉक्टरकडे नेमानं जात होता, हृदयाचीही तपासणी करून घेतली होती. तिला एका बाई डॉक्टरनं मलम दिलं होतं, आग थोडी कमी होती. बाकी सगळं तसंच होतं. मधून मधून भांडणंही होत होती. मग ती थांबली, आणि हिंदी सोडून आपसूक मराठीत बोलू लागली, जणू मीरादीदीला नाही, स्वतःलाच सांगत होती.

"परवा म्हणे, पाय दुखून राहिले, जरा चेपून दे. किती वर्षांनी हात लावू दिला मला. मी चेपले. मग म्हणे, आता तुझे दे."

मीरादीदीला शब्द कळले नसावेत. तरी तिनं डोळे पुसले.

मी अजून इथंच आहे. माझ्या झाकणाला तडा गेलाय, फिरताना आतून खरखर येते. नवीन यंत्र येणार म्हणतात. मग मला भंगारात देतील. त्याचं दुःख नाही. दुःख याचं, की बाहेरची पाटी तशीच आहे आणि खुर्च्या भरलेल्या आहेत. आत्ताही कुणीतरी दंड पुढे करून बसलंय आणि माझ्याकडे तसंच बघतंय. बटण दाबलं की मला फिरावंच लागतं, नाही म्हणायची सोय नाही. रक्तातलं लाल आणि पिवळं मी वेगळं करून देईन. मनात वर्षानुवर्षं गोठलेलं माझ्यानं हलणार नाही.

बाबांनो, बायांनो, तुमची धडपड मी पाहिली आहे, तिला मी हसत नाही. यायचंच झालं तर या. डॉक्टरला खोदून खोदून विचारा, पक्कं काय आणि अंदाज काय. आणि एकटे येऊ नका. घरात जे माणूस तुमच्याइतकंच गप्प आहे, त्याला सोबत घेऊन या.

बटण दाबलं. फिरतो आता.