राखीच्या शिवणखोलीत माझी नेमणूक

अहो, दाराच्या मागे बघा जरा! निळ्या दांड्याचा, सडपातळ अंगाचा मी व्हॅक्यूम क्लीनर बोलतोय. माझे मोठे भाऊबंद पोटाला चाकं लावून ऐटीत घरभर फिरतात. मी त्यांच्यातला नाही. मी एका हाताने उचलला जातो, आणि त्यामुळेच माझं नशीब फळफळलं.

माझा जन्म कारखान्यातला. चाचणीच्या टेबलावर मी पहिला श्वास घेतला, तोही फक्त आत ओढून! मग खोक्यात गाढ झोप. जाग आली ती नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात. नवनाथ नावाच्या सेल्समनने मला नमुना म्हणून फळीवर उभं केलं. लोक यायचे, मोठ्या मशिनी बघायचे आणि माझ्याकडे पाहून म्हणायचे, "हे खेळण्यातलं आहे का?" फार लागायचं हो मनाला.

एका दुपारी दोघी आल्या. एक राखी, सिडकोत घरच्या घरी ब्लाउज शिवणारी. दुसऱ्या तिच्या सासूबाई, यशोदाबाई, सटाण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या. यशोदाबाई सारख्या खोकत होत्या.

"यांना दमा आहे," राखी नवनाथला म्हणाली. "कापडाचा भुस्सा नाकात जातो. केरसुणीने झाडलं की तो आणखीच उडतो. मिस्टर म्हणतात, शिवणकाम बंद कर."

"अन् मी म्हनस, काबरं बंद करानं?" यशोदाबाई खोकला दाबत म्हणाल्या. "हिना हातमा कला शे!"

नवनाथने मोठं मशीन पुढे ओढलं. राखीने ते जेमतेम उचललं. "दादा, प्रत्येक ब्लाउज बेतला की खोली साफ करायची आहे मला. हे अवजड धूड कितीदा काढू?" मग त्याने बॅटरीवालं दाखवलं. ते बजेटबाहेर, शिवाय मध्येच चार्जिंग संपलं तर? तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. घ्या, मला घ्या, मी मनातल्या मनात ओरडत होतो!

राखी हुशार. तिने पर्समधून पिशवी काढली आणि घरून आणलेले दोरे, भुस्सा, चिंध्यांचे बारीक तुकडे दुकानाच्या चकचकीत फरशीवर ओतले. नवनाथ बघतच राहिला. माझा प्लग लागला, बटण दाबलं गेलं आणि मी जीव तोडून ओढायला लागलो. फरशी लख्ख!

"याचा फिल्टर धुता येतो ना? नवा मिळतो?" राखीने खात्री करून घेतली.

"माले दे," म्हणत यशोदाबाईंनी मला एका हाताने उचललं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "हाई ते फूलसारखं हलकं शे!"

घरी राखीचे यजमान प्रफुल्ल आमची वाटच बघत होते. माणूस वाईट नाही, आईच्या काळजीने धास्तावलेला. "ठीक आहे, आणलंय तर वापर," ते म्हणाले. "पण आईचा खोकला कमी झाला नाही, तर शिलाई मशीन विकायचं. मग वाद नको."

ऐकलंत? राखीचं सगळं काम माझ्या या छोट्याशा पोटावर येऊन ठेपलं होतं!

मग काय, राखीची कात्री थांबली की मी सुरू. टेबलाखाली, मशीनच्या पायडलभोवती, कोपऱ्यात. ब्रशला दोरे गुंडाळले गेले की राखी ते कात्रीने अलगद कापायची. हळूहळू यशोदाबाईंना रात्री शांत झोप लागायला लागली.

आणि मग तो दिवस उजाडला. वैष्णवी नावाच्या नवरीने तिच्या आजीचे मोती ब्लाउजच्या बाहीवर लावायला दिले होते. दुसऱ्या दिवशी लग्न! राखीने बाहीवर खडूने वेलीच्या नक्षीची टिंबं मारली, मोती वाटीत ठेवले आणि दूध तापवायला आत गेली. यशोदाबाईंना वाटलं, तेवढ्यात आपण खोली साफ करू. त्यांचा पदर वाटीला लागला, वाटी कलंडली आणि मोती थेट माझ्या तोंडात! टक, टक, टक! थांबा, थांबा म्हणायला मला वाचा कुठे?

राखी धावत आली. यशोदाबाईंनी घाईघाईने माझं बटण बंद केलं. "मनी चूक झायी वं पोरी!"

तेवढ्यात दारात वैष्णवी उभी! रिकामी वाटी बघून तिचा चेहरा उतरला. "काकू, आजी आता नाही हो माझी. तेवढेच मोती आहेत तिचे."

प्रफुल्ल घरीच होते. त्यांनी आधी आईला गॅलरीत बसवलं, स्वतःच्या नाकाला रुमाल बांधला, वर्तमानपत्र पसरलं आणि माझं पोट उघडलं. पिठाच्या चाळणीतून भुस्सा चाळला. एकेक मोती चमकू लागला! राखी ते धुऊन टिंबांवर मांडत गेली. सगळी टिंबं भरली, फक्त एक रिकामं. पुन्हा चाळलं. नाही!

"थांब, ब्रश बघू," प्रफुल्ल म्हणाले. त्यांनी गुंडाळलेले दोरे कात्रीने कापले आणि त्या गुंत्यातून शेवटचा मोती टपकन त्यांच्या तळहातावर पडला. वैष्णवीने आनंदाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या बाईही धावत आल्या!

प्रफुल्ल मात्र त्या बाहीकडेच बघत होते. मोत्यांची ती वेल त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. "हे सगळं तू करतेस?" ते हळूच म्हणाले. "तू शिवायला बस. कुकर मी लावतो."

मशीन विकण्याची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. परवा डॉक्टरांनी यशोदाबाईंची छाती तपासली आणि खूश होऊन मान डोलावली.

आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत, वायरला एका ठिकाणी पीळ बसलाय. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढं ऐका: त्याचं पोट वेळेवर रिकामं करा, आणि फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओल्या फिल्टरने आमचा दम कोंडतो, आणि दम कोंडणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बरं, निघतो. लग्नसराई जोरात आहे. राखीने नवं कापड बेतलंय आणि यशोदाबाई पदर खोचून उठल्यात. सरका, सरका, वाट द्या!