‘मसणवटा’ बँडचं सुतक

“पोटातनं वरड. गळ्यातलं वरडणं लांडग्याला कळतं, त्याला हसू येतं,” मल्हारी आपल्या पोराला सांगायचा. रामकिसन पाटलांच्या पाचोडच्या वावरात खतासाठी त्याच्या मेंढ्या बसवलेल्या असायच्या. दिवस मावळायला आला की दहा वर्षांचा अजिनाथ जाळीपाशी उभा राहायचा, पोट आवळायचा आणि असा घोगरा, लांबलचक आवाज काढायचा की मेंढ्यासुद्धा रवंथ थांबवायच्या.

पुढं त्याच आवाजावर ‘मसणवटा’ नावाचा बँड उभा राहिला. तोंडाला काळं फासून, केस झटकत वाजवायचं ते संगीत. ऐकणारी पोरं म्हणायची, हा आवाज थेट नरकातून येतो. येत होता पाचोडच्या वावरातून.

दोन अल्बम झाले, मग अठरा वर्षं काही नाही. अजिनाथ स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसू लागला. कडुबा ड्रम सोडून शिकवण्या घेऊ लागला. आणि यंदा परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं पत्र आलं, की तुमची जुनी गाणी इथं लोक शोधत असतात, नवं काही कराल का. गिटारवाला सुदर्शन त्या दिवसापासून जमिनीवर नव्हता. त्यानं नव्या अल्बमचं नाव ठेवलं ‘सुतक’. नऊ गाणी, सगळी चितेची, राखेची, किड्यांची.

सुदर्शनला अंधाराची लई हौस. घरी मात्र इन्व्हर्टर दोन.

शहरात, औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्डिंग चालायचं. कव्हरच्या फोटोसाठी सुदर्शननं शिंगांची एक कवटी मागवली होती. “बोकडाची आहे. सैतानाचं चिन्ह,” तो म्हणाला.

अजिनाथनं ती हातात घेऊन फिरवली. “ही मेंढ्याची आहे.”

“तिकडं कुणाला कळतंय?”

“मेंढीला कळंल,” कडुबा म्हणाला आणि कमरेचा पट्टा सैल करून पुन्हा बसला. दर अर्ध्या तासानं त्याची कंबर धरायची.

अशात रामकिसन पाटील गेले, सुदर्शनचे वडील, सगळ्यांचे आप्पा. एकुलत्या एका लेकानं अग्नी दिला, राख सावडली आणि चौथ्या दिवशी तो स्टुडिओत हजर. काळा शर्ट होताच अंगावर, वेगळा घ्यावा लागला नाही. “आता खरं दुःख उतरलंय बघ गिटारीत,” तो म्हणाला. अजिनाथनं कान देऊन ऐकलं. वाजत होतं ते आधीचंच, फक्त दोन ठिकाणी चुकत होतं.

नवव्या दिवशी दुपारी अजिनाथचा फोन वाजला. आशाकाकू, सुदर्शनची आई.

“अजिनाथ, हा फोन उचलंना रे. उद्या आठ वाजता पाचोडला नदीवर दहावा आहे. न्हावी सांगून ठेवलाय. तू घेऊन ये त्याला, बाबा.”

अजिनाथनं फोन ठेवून निरोप सांगितला. सुदर्शन तारा जुळवत होता. त्यानं मान वर केली नाही.

“उद्या पुण्याचा फोटोवाला येतोय. टक्कल छापू का कव्हरवर?”

“विग मिळतो,” कडुबा म्हणाला.

“विग घालून डोकं हलवलं तर तो ड्रमवर येऊन पडंल.” सुदर्शन हसला. “आणि सुतकात केस कापतच नाहीत. मी बावीस वर्षं पाळतोय.”

कडुबाही हसला. अजिनाथ हसला नाही.

“अल्बमचं नाव काय ठेवलंय आपण?”

“सुतक.”

“मग?”

“अरे, ती कला आहे. गुरुजींना विचारलंय मी, चुलतभाऊ बसला तरी चालतं म्हणाले. आणि ऐक, उद्या तुझं शेवटचं गाणंही घ्यायचंय. परवापासून स्टुडिओ दुसऱ्याला दिलाय. तू नसलास तर मी म्हणीन.”

“तू म्हणशील,” अजिनाथ म्हणाला.

चुलतभावही त्या दिवशी सुतक बाजूला ठेवून जालन्याला मेव्हणीच्या साखरपुड्याला जाणार होता. हे सुदर्शनला ठाऊक होतं आणि अजिनाथलाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आप्पांनी अजिनाथला जवळ बोलावलं होतं. गाव जेव्हा म्हणत होतं की ह्या पोरांना काहीतरी लागलंय, तेव्हा ह्याच माणसानं आपल्या कापसाच्या गोदामात त्यांना वाजवायला जागा दिली होती. “कापसाला काय कान असतात व्हय?” असं म्हणून गावाला गप्प केलं होतं. आता त्यांच्या नाकात नळी होती.

“आमचा केसाळ येतो का नाय, कुणास ठाऊक,” आप्पा म्हणाले. “तू येशील?”

“येईन, आप्पा.”

“नुसता येऊ नको. वस्तऱ्याखाली बस. आमच्या नावानं एक तरी डोकं भादरलं जाऊ दे.”

“बसतो.”

अजिनाथचे केसही कमरेपर्यंत होते, निम्मे पांढरे. काउंटरवर बसताना तो ते टोपीत कोंबायचा. अठरा वर्षं मालकाची बोलणी खाऊन त्यानं एवढंच राखलं होतं, कारण कधीतरी परत गायचंय हे त्याचं त्यालाच पटवायला दुसरं काही नव्हतं. सुदर्शनची कीव करणं सोपं होतं. पण राखेवर आठ गाणी त्यानं स्वतःच म्हटली होती, पोटातून, आणि नववं म्हणायला अजून जीव तुटत होता. उद्या स्टुडिओत गेला नाही तर ते गाणं सुदर्शनच्या गळ्यातून जगभर जाणार, आणि तो गळा कसा आहे ते त्याला माहीत होतं.

सकाळी त्यानं आंघोळ केली. त्याची बायको ज्ञानेश्वरी तुळशीला पाणी घालून आत आली.

“स्टुडिओत?”

“पाचोडला.”

तिनं त्याच्या केसांकडं एकदा पाहिलं. मग कपाटातून धुतलेला पंचा काढला, घडी घालून त्याच्या पिशवीत ठेवला. “परत येताना ऊन लागंल,” ती म्हणाली. “डोक्याला गुंडाळा.”

स्टँडवर बीडची गाडी लागलेली होती. खिशातला फोन थरथरला, सुदर्शनचं नाव होतं. अजिनाथनं तो वाजू दिला, वाजून थांबल्यावर बंद केला आणि खिडकीपाशी बसला.

कंडक्टर आला.

“पाचोड. एक,” तो हळू आवाजात म्हणाला.